रुजू झाल्याची तारीख

गुरुवार. भोसरीचा रविवार.
लेथ गप्प, कॉम्प्रेसर गप्प,
फक्त प्लॉट नंबरची पाटी एका स्क्रूवर टकटकते.
चौदा माणसं माझ्याकडे. अप्पा बळवंत चौकात
दुकानदार फायली सुट्या देईना,
पाचाचा गठ्ठा, हवा तर घ्या.
म्हणून पंधरा आणल्या.

मोडक वकिलांची यादी टेबलावर:
प्रत्येकाला नेमणूकपत्र. पद, पगार, कामाचे तास.
नोटिशीची मुदत.
काढायचंच झालं तर कारण, तेही लेखी.
गेला, की दोन दिवसांत हिशेब हातात.
"कायदा दारात आल्यावर चपला शोधू नका, मॅडम.
आत्ताच घालून बसा."

काल एकेकाला केबिनमध्ये बोलावलं.
तांदळे बिभीषण, मिलिंग. रुजू कधी झालात?
"तारीख कुणाला ठाऊक?
आलो तेव्हा या शेडला भिंत नव्हती,
ताडपत्री होती. वाऱ्यात आम्हीच धरून बसायचो."
लोंढे शेवंता, पॅकिंग:
"धाकटा पोटात होता."
धाकटा आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला.
मी वजाबाकी करते आणि एक जून लिहिते.
पुढच्यालाही एक जून.
गुरुजींनी दाखल्यावर टाकलेल्या जन्मतारखेसारखी
चौदाही जणांची एकच तारीख.

मोडक फोनवर आवाज खाली आणून म्हणाले,
"आजचीच टाका ना.
जुनी वर्षं कशाला अंगावर घेता?
नवा कागद, नवा माणूस."

तांदळेच्या फायलीवर मी आजची तारीख घातली.
पेन्सिलीने.

मग पुरावा शोधायला म्हणून
(कसला पुरावा, हे स्वतःला न विचारता)
बाबांची लाल वही काढली.
उचल, उचल फेड, दिवाळीचे शंभर,
दिलेल्या प्रत्येक पैशावर आडवी रेघ.
एका पानावर: तांदळे आला. रोज अठरा.
खाली वार आहे, तिथी आहे,
त्या दिवशी किती वाजता लाइट गेली तेही आहे.

आणि चार पानं पुढे, बाबांच्या घाईच्या अक्षरात:
शिकलगारला उद्यापासून नको. देणे ४१०.

रेघ नाही.

बडतर्फी, कपात, सेवासमाप्ती,
कायद्याकडे केवढे शब्द.
बाबांना एकच पुरला.

मी नऊ वर्षांची होते. याच कोपऱ्यात
भागाकार करत बसलेले, बाकी उरत होती.
रमझानचाचा तीन सकाळी डबा घेऊन
गेटशी उभे राहिले, आठच्या भोंग्याला, इस्त्रीच्या शर्टात.
कुणी ये म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही.
बाबांनी तीनही दिवस चहा तसाच ठेवला, साय धरेपर्यंत.
चौथ्या दिवशी गेट रिकामं होतं
आणि बाबांनी चहा घेतला.

काय केलं होतं त्यांनी? वहीत नाही.
बाबाही आता नाहीत, विचारायला.

रबर शोधते. सापडत नाही,
शेवटी बोटाला थुंकी लावून आजची तारीख पुसते.
कागद जरा खरवडतो. राहू दे.
तिथे वहीतला वार लिहिते, तिथी लिहिते,
पेनाने, दाबून.
मोडक ओरडतील. ओरडू देत.
ग्रॅच्युइटीचा आकडा वर मांडते, खाली मांडते,
नवं मशीन पुढच्या वर्षावर ढकलते.

पंधरावी फाईल उघडते.
नाव: शिकलगार रमझान. पद: टूल रूम.
कारण:
इथे पेन थांबतं,
आणि पाटी टकटकत राहते.

बिभीषणला फोन लावते. मागे कुकरची शिट्टी, नातवाचा आरडाओरडा.
"शिकलगार? खडकी बाजारात की.
मुलगा कात्र्यांना धार लावतो,
म्हातारा बाहेर खुर्ची टाकून बसतो.
का हो मॅडम?"

एक सही राहिलीय, म्हणते.

"त्यांची?"

नाही.